मेंदूविज्ञान अभ्यासाला खरोखर उपयोगी पडते का? (आठवीतला मुलगा आणि मोडी शिकणारे बाबा)

प्रश्न : अंबाझरीकर

सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या शाळेत पालकसभा झाली. मुलगा आठवीत आहे. नेहमीचे विषय आटोपल्यावर ‘मेंदूतज्ज्ञ’ अशी ओळख करून दिलेल्या एका गृहस्थांनी तासभर व्याख्यान दिले. पडद्यावर मेंदूचे चित्र होते. त्याचा डावा भाग निळा, उजवा केशरी. निळा म्हणजे गणित आणि तर्क, केशरी म्हणजे कला आणि कल्पना. आपले मूल कोणत्या बाजूचे आहे हे दहा बोटांच्या ठशांवरून कळते, ते पाहून शिकणारे आहे, ऐकून शिकणारे आहे की हाताने करून शिकणारे आहे हेही त्यातूनच कळते आणि दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी याचा जाडजूड अहवाल मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. शुल्क साडेचार हजार रुपये, त्याच दिवशी नाव नोंदवल्यास साडेतीन हजार. सभागृहाबाहेर टेबलावर ठसे घेण्याचे यंत्र मांडलेले होते आणि रांग लागली होती. मीही रांगेत उभी राहिले आणि पुढे दोनच पालक उरले असताना बाहेर पडले. ‘आजच नोंदवा’ हे वाक्य साडीच्या सेलमध्ये ठीक वाटते, मुलाच्या मेंदूबाबत ते ऐकून मला कसेसेच झाले.

तरीही मूळ प्रश्न मनातून गेला नाही. मुलगा इतिहासाचा धडा चार-चार वेळा वाचतो आणि पिवळ्या मार्करने ओळी रंगवतो. शेवटी संपूर्ण पान पिवळे होते. आदल्या रात्री ‘सगळे येते’ असे तो अगदी मनापासून सांगतो आणि परीक्षेत त्याला निम्मेही आठवत नाही. दुसरीकडे माझे बाबा. ते ६८ वर्षांचे आहेत, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आहेत आणि रामटेकच्या जुन्या घरात सापडलेल्या एका पेटीतील कागदपत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून दिवाळीपासून दर रविवारी मोडी लिपीच्या वर्गाला जातात. वर्गातल्या विशी-बाविशीतल्या मुली ओळ वाचून मोकळ्या होतात तेव्हा बाबा एकाच अक्षरावर अडलेले असतात. घरी आले की म्हणतात, “आता या वयात काय शिरते डोक्यात, बाप्पा!”

विक्रीचा भाग बाजूला ठेवला, तर तेरा वर्षांच्या आणि अडुसष्ट वर्षांच्या अशा दोघांनाही उपयोगी पडेल असे काही मेंदूविज्ञान खात्रीने सांगते का? मी वाणिज्य शाखेची आहे, त्यामुळे जाणकारांनी कृपया समजेल अशा भाषेत लिहावे.

उत्तर : शरीरक्रिया

ताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. रांगेतून बाहेर पडलात हे उत्तम केले.

आधी ठशांबद्दल. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात तयार होतात आणि त्यानंतर जन्मभर बदलत नाहीत. म्हणून तर पोलीस आणि आधारची यंत्रणा त्यांच्यावर विसंबून असते. मेंदूचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे : शिकल्याने तो बदलतो. जी गोष्ट कधीच बदलत नाही तिच्यावरून सतत बदलणाऱ्या गोष्टीचा तीस वर्षांचा आराखडा मांडणे हे हस्तसामुद्रिकच झाले, फक्त टेबलावर यंत्र आले. डाऊन सिंड्रोमसारख्या काही गुणसूत्रीय विकारांत तळहातावरच्या रेषांची ठेवण वेगळी असू शकते हे खरे आहे. विक्रेते तेवढाच खरा धागा पकडतात आणि त्यावर सगळे दुकान टांगतात.

डाव्या-उजव्या मेंदूचेही तसेच आहे. बहुतेक माणसांत भाषेची मुख्य केंद्रे डावीकडे असतात, हे ब्रोका यांनी १८६१ पासून दाखवायला सुरुवात केली आणि ते आजही मान्य आहे. पण त्यावरून ‘डाव्या मेंदूची माणसे’ आणि ‘उजव्या मेंदूची माणसे’ अशा दोन जाती निघत नाहीत. अमेरिकेत यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ व्यक्तींच्या मेंदूचित्रांची तपासणी केली आणि कोणाचाही एकंदर मेंदू एका बाजूने अधिक चालतो असे त्यांना आढळले नाही.

पाहून, ऐकून आणि करून शिकणाऱ्यांची विभागणी शिक्षकांनाही फार प्रिय आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचे उपलब्ध संशोधन तपासले. हा दावा खरा ठरायचा असेल तर ‘पाहणाऱ्या’ मुलांना दाखवून शिकवल्यावर आणि ‘ऐकणाऱ्यांना’ ऐकवून शिकवल्यावर अधिक गुण मिळाले पाहिजेत आणि अदलाबदल केल्यावर कमी. असा पुरावा जवळजवळ नव्हताच. आवड असते, ती कोणी नाकारत नाही; पण कोणत्या मार्गाने शिकवायचे हे मुलाच्या ठशांवरून ठरत नाही, विषयावरून ठरते. वैनगंगेचा नकाशा कोणत्याही मुलाला डोळ्यांनीच शिकावा लागतो आणि ‘ळ’चा उच्चार कोणत्याही मुलाला कानांनीच.

आता जे खात्रीचे आहे त्याकडे येतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलाइसन नावाच्या एका तरुणाच्या अपस्मारावर शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या, मेंदूतल्या आतल्या भागाचा) मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्याला नवी घटना काही मिनिटांपलीकडे आठवेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला. मात्र प्रत्येक दिवशी, हे आपण पूर्वी कधी केलेलेच नाही, असे तो सांगत होता. स्मृती ही एक गोष्ट नाही हे त्यावरून कळले. हाताची स्मृती वेगळी आणि प्रसंगांची व माहितीची वेगळी. तुमच्या बाबांचा हात मोडी अक्षर सफाईने काढत असेल आणि तेच अक्षर कागदावर दिसल्यावर नाव चटकन सुचत नसेल, तर त्यात अपयश काही नाही. ती दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दोन्हींचा सराव वेगवेगळा करावा लागतो.

दुसरी गोष्ट एरिक कँडेल यांची. त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी समुद्रातल्या ॲप्लिसिया नावाच्या गोगलगायीचा अभ्यास केला. तिच्या चेतापेशी इतक्या मोठ्या असतात की एकेक पेशी ओळखता येते. थोड्या वेळाची आठवण असेल तर पेशींमधले जुनेच जोड तात्पुरते बळकट होतात. टिकाऊ आठवण असेल तर जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने बनतात आणि नवे जोड तयार होतात. या बांधकामाला वेळ लागतो. त्याच गोगलगायीला एका दमात दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा तेवढेच प्रशिक्षण चार दिवसांवर वाटून दिल्यावर ते कितीतरी अधिक टिकले. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास सकाळपर्यंत का टिकतो आणि महिन्याने का उडतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

मुलाच्या चार वेळा वाचण्याविषयी तर अगदी जुळणारा प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि पुढच्या तीन वेळा उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटले : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. म्हणजे मुलगा आदल्या रात्री ‘येते’ म्हणतो तेव्हा खोटे बोलत नाही. मजकूर ओळखीचा वाटणे आणि तो आठवता येणे यांतला फरक त्याला आतून जाणवत नाही, एवढेच. पान पिवळे केल्याने ओळख वाढते, आठवण वाढत नाही. त्याला एकदा वाचू द्या, पुस्तक मिटायला सांगा आणि कोरा कागद पुढे ठेवा.

उत्तर : पाटीपेन्सिल

उमरेड आणि भिवापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत मी चौतीस वर्षे शिकवले. डॉक्टरांचे म्हणणे पटले, परंतु एक तक्रार आहे. त्या चार वेळा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणीही कोणत्या यंत्रात झोपवले नव्हते. कोरा कागद आणि घड्याळ एवढ्यावर झालेला तो मानसशास्त्राचा प्रयोग आहे. त्याला मेंदूविज्ञान म्हणणे हे गोगलगायीचा मोठेपणा उसना घेणे झाले. जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच लिहिले होते की मेंदूतल्या जोडण्यांपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधता येत नाही, मध्ये मानसशास्त्राचा काठ लागतो. पालकांच्या सभेत मात्र मेंदूचे चित्र दाखवले की वाक्याला वजन येते. हीच गोष्ट खेड्यातल्या गुरुजींनी सांगितली असती तर ठसे द्यायला कोणी रांग लावली नसती.

आता कामाचे लिहितो. माझ्या वर्गात नवा धडा सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे ‘पाटी’ असायची. पुस्तके दप्तरात जायची आणि मुले कालच्या धड्यातल्या तीन गोष्टी आणि मागच्या आठवड्यातली एक गोष्ट आपापल्या पाटीवर लिहायची. गुण द्यायचे नाहीत, रागवायचे नाही. शेजाऱ्याच्या पाटीवर पाहिले तरी चालायचे, मात्र आधी स्वतःच्या पाटीवर काहीतरी उमटलेले असले पाहिजे. एका तपासणीत साहेबांनी विचारले की यात अभ्यासक्रम मागे पडत नाही का. पडत होता, सुरुवातीला. दिवाळीनंतर मात्र उजळणीचा वेळ वाचल्यामुळे आम्ही इतर वर्गांच्या बरोबरीला यायचो.

अनेकजण याला घोकंपट्टी म्हणतात, म्हणून फरक सांगतो. एक मूल सातचा पाढा सुरात न चुकता म्हणायचे. त्याला मधूनच ‘सात आठे?’ असे विचारले की ते डोळे वर करून ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून जिना चढू लागायचे. पाढा त्याला येत होता, पण माळ म्हणून. त्यातला एकही मणी सुटा काढता येत नव्हता. आम्ही मग पाढे उलटसुलट विचारायला लागलो. मात्र पाढेच नकोत, कॅल्क्युलेटर आहे, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. माणसाला एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात; नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा साधारण चार असा मांडला. व्याजाचे उदाहरण सोडवताना त्यातली एक जागा सात आठे छप्पन्न काढण्यातच गेली, तर उदाहरणाचा धागा हातून सुटतो. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ होती ती हौस म्हणून नव्हती. बाजारात उभ्या उभ्या हिशेब करताना डोके मोकळे राहावे म्हणून होती.

अंबाझरीकर ताईंना आणखी एक सुचवतो. मुलाचे गणिताचे पुस्तक उघडून पाहा. ‘सरळव्याज’ असे शीर्षक असलेल्या सरावसंचातले प्रत्येक उदाहरण सरळव्याजाचेच असते. कोणती रीत लावायची हा विचार मुलाला करावाच लागत नाही आणि परीक्षेत नेमका तोच करावा लागतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे तपासले. एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडवणारे विद्यार्थी सरावात ८९ टक्के बरोबर आणत होते आणि सरमिसळ सोडवणारे ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांचे २० टक्के आले आणि सरमिसळवाल्यांचे ६३. सराव करताना जे सोपे वाटते ते पुढे दगा देते, हे पालकांना पटवणे सर्वांत अवघड असते, कारण वहीत चुका दिसल्या की मास्तरांना शिकवता येत नाही असा निष्कर्ष निघतो.

उत्तर : सकाळची शाळा

वरील दोन्ही उत्तरांत झोप राहिली. उंदीर दिवसा ज्या वाटेने फिरला त्या वाटेशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी त्याच्या झोपेतही पुन्हा एकत्र जाग्या होतात, हे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवले. शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. आपल्या राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण गंमत अशी की शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते ते वयात येताना, म्हणजे आठवी ते बारावीच्या मुलांचे. त्यांना रात्री लवकर झोपच येत नाही आणि आपल्याकडे सहाच्या शिकवणीला सायकलवर निघालेली दिसतात ती हीच मुले. मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा नागपूरला टाळता येत नाही हे समजू शकते. डिसेंबरच्या थंडीत पहाटेची शिकवणी कोणाच्या सोयीसाठी असते, हे मला आजवर कळलेले नाही.

अंबाझरीकर

डॉक्टर, गुरुजी आणि सर्वांचे आभार. तीन आठवडे प्रयोग करून मगच लिहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी असहकार चळवळीचा धडा होता. एकदा वाचून झाल्यावर पुस्तक माझ्याकडे घेतले आणि कोरा कागद दिला. मुलाने साडेतीन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवून चिडून म्हणाला की मार्करशिवाय आपल्याला अभ्यास होत नाही. त्या साडेतीन ओळींत गांधीजी होते, चौरीचौरा होते. मात्र असहकाराच्या ठरावावर डिसेंबर १९२० मध्ये ज्या अधिवेशनात शिक्कामोर्तब झाले ते अधिवेशन कोणत्या गावी भरले होते, हे नव्हते. पुस्तकातल्या त्या ओळीवर पिवळा रंग दोनदा चढवलेला होता. गाव नागपूर! आता तो कागद लिहायला कुरकुर करत नाही असे नाही, पण आठवडी चाचणीत प्रथमच त्याने स्वतःहून पुरवणी मागितली. झोपेच्या बाबतीत शिकवणीची वेळ बदलता आलेली नाही.

दोन शंका उरल्या. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, असे म्हटले आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आधीच होतो. हे वाचून बाबा म्हणाले, “मग उरलेल्या पंधरा टक्क्यांत माझी मोडी बसवायची का?” विनोदाने म्हणाले, पण रविवारच्या वर्गाला दोनदा गेले नाहीत. दुसरी शंका अशी की शेजारच्या वहिनी मुलाला ॲबॅकसला, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर हिशेब शिकवणाऱ्या वर्गाला, घाला म्हणतात. त्याने एकाग्रता आणि बुद्धी दोन्ही वाढते असे त्यांना सांगण्यात आले आहे.

उत्तर : रात्रवर्ग

बाबांच्या शंकेला उत्तर देतो, कारण कळमन्याच्या बाजूला प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेताना हाच प्रश्न मला दर आठवड्याला भेटतो.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढांच्या आकाराच्या बराच जवळ पोहोचतो, हे खरे आहे. पण आकार म्हणजे शिकणे नव्हे. घराच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून संसार संपत नाही. लहानपणीच्या काही खिडक्या खरोखर मिटतात. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा पहिल्या काही महिन्यांत बंद ठेवला, तेव्हा पुढे तो उघडूनही मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. १९८१ च्या नोबेलमागे हे काम होते. मात्र तोच नियम सगळ्या शिक्षणाला लावणे चुकीचे आहे, आणि दृष्टीच्या बाबतीतही तो वाटला तितका कठोर निघालेला नाही. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात आपल्या देशातल्या जन्मांध मुलांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना दृष्टी आल्याबरोबर, हाताने चाचपलेली वस्तू नुसती पाहून ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच ती ओळखू लागली. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाबांच्या दृष्टीने याहून जवळचा पुरावा लखनौजवळच्या खेड्यांतला आहे आणि तोही आपल्याच लिपीचा. तिथल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत तिशीतल्या स्त्रिया अधिक होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात आढळले नाहीत. थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या खोल, जुन्या भागांचा दृष्टीच्या भागाशी चालणारा ताळमेळही वाढलेला होता. बुबुळांनी कुठे थांबावे, काय टिपावे, हे ठरवण्यात त्या भागांचा हात असतो. लंडनच्या टॅक्सीचालकांचे उदाहरण तर बरेच जणांना माहीत असेल : परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करणाऱ्या ७९ उमेदवारांपैकी ३९ उत्तीर्ण झाले आणि हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागाची वाढ त्या उत्तीर्ण झालेल्यांतच दिसली. ही सगळी मोठी, संसारी माणसे होती.

माझ्या वर्गात बावन्न वर्षांच्या एक मावशी आहेत, कॉटन मार्केटातून भाजी आणून विकतात. नोटा-नाण्यांमुळे अंक त्यांना आधीच येत होते, अक्षर एकही नाही. चौथ्या महिन्यात वर्गाबाहेर त्यांनी वाचलेला पहिला शब्द बसच्या पाटीवरचा ‘बर्डी’, म्हणजे नागपूरची सीताबर्डी. दुसऱ्या दिवशी आल्या त्या आनंदापेक्षा तक्रार घेऊनच. “र तर मधी म्हणतो आपण, मग तो ड च्या डोक्यावर कसा जाऊन बसला?” रफार शिकवायला माझा एक आठवडा ठरलेला होता, मावशींनी तो प्रश्न स्वतः विचारल्यामुळे पाच मिनिटे पुरली. पहिलीतले मूल असे विचारत नाही, ते निमूटपणे चुकते. वय झाल्यावर वेग मंदावतो, मनात एका वेळी कमी मावते, नावे जिभेवर येऊन अडतात. हे सगळे खरे आहे आणि ते लपवू नये. पण प्रौढाजवळ जुने ज्ञान असते आणि नवी गोष्ट त्याला टांगता येते. कोराडीला तीस वर्षे यंत्रांवर घालवलेल्या माणसाला एका आकृतीतून दुसरी कशी निघते हे पाहण्याची सवय असणार, तिचा उपयोग करून घ्या. आणि एक अगदी साधी गोष्ट : चष्म्याचा नंबर तपासून घ्या. वर्गात ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निदान तिघांच्या बाबतीत अडचण डोक्याची नव्हती, डोळ्यांची होती.

उत्तर : शरीरक्रिया

गुरुजींची तक्रार मान्य. गोगलगाय ‘का’ हे सांगते, ‘काय करावे’ हे कोरा कागदच सांगतो.

ॲबॅकसबाबत सुदैवाने आपल्याच देशातला चांगला प्रयोग उपलब्ध आहे. बडोद्याच्या एका शाळेत सुमारे दोनशे मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला तीन वर्षे मनातल्या ॲबॅकसचे शिक्षण दिले आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीचे जादा गणित. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲबॅकसच्या मुलांचे अंकगणित सुधारले. एकाग्रता किंवा कार्यकारी स्मृती (काम करताना गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता) यांसारख्या सर्वसाधारण क्षमता मात्र वाढल्या नाहीत. बेरीज-वजाबाकीचा वेग हवा असेल तर खुशाल पाठवा. बुद्धी वाढेल म्हणून आठवीतल्या मुलाची आणखी एक संध्याकाळ खर्च करू नका.

बाबांसाठी एक आशादायक निष्कर्षही आहे, थोड्या सावधगिरीने सांगतो. हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती पाहिली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि निरक्षर रुग्णांतही फरक दिसला. हे २०१३ चे आहे. भाषांमुळेच तसे झाले असे यावरून सिद्ध होत नाही, कारण अनेक भाषा बोलणाऱ्यांचे आयुष्य इतर बाबतींतही वेगळे असू शकते. मोडी ही तर भाषा नसून लिपी आहे. तेव्हा औषध म्हणून नव्हे, पेटी उघडण्यासाठीच शिकावी.

उत्तर : पाटीपेन्सिल

बाबांचे वेळापत्रक मी सुचवतो. आठवड्यातून एकदाच, रविवारी, दोन तास हे मोडीला पुरणारे नाही. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेतेराशे लोकांवर पाहिले की दोन उजळण्यांत किती अंतर असावे हे किती दिवस लक्षात ठेवायचे आहे त्यावर ठरते : आठवड्याने हवे असेल तर एका दिवसाचे अंतर बरे, वर्षभराने हवे असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. घरात जमलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा. एका बाजूला मोडी अक्षर, दुसऱ्या बाजूला देवनागरी. रोज दहा मिनिटे, पाठीमागे पाहण्याआधी तोंडाने नाव घ्यायचे. अडलेली चिठ्ठी उद्याच्या गठ्ठ्यात, आलेली तीन दिवसांनंतरच्या, पुन्हा आली की पुढच्या पंधरवड्याच्या. अक्षरे बाराखडीच्या क्रमाने लावू नका, पिसून घ्या. नाहीतर सातच्या पाढ्याचा जिना होईल. नातवाकडून विचारून घ्या, त्यालाही पाच-पंचवीस अक्षरे फुकटात येतील.

अंबाझरीकर

चष्म्याचा नंबर खरोखर बदलला होता. जवळचा नंबर पाऊणने वाढलेला निघाला.

चिठ्ठ्या करून महिना झाला. गठ्ठे चपलांच्या तीन जुन्या खोक्यांत आहेत आणि खोक्यांवर ‘उद्या’, ‘बुधवार’, ‘पंधरवडा’ असे मुलाने मोडीत लिहिले आहे. त्यातला ‘पंधरवडा’ चुकला आहे असे बाबांचे मत आहे आणि दोघांत त्यावरून रोज वाद चालतो. मोडीत वेलांटी एकच असते, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, हे कळल्यापासून मुलगा शाळेत मराठीही मोडीतच लिहू द्यावे अशी मागणी करत आहे.

काल रात्री बाबांनी पेटीतला एक कागद दिव्याखाली धरला. शिरोरेघ सलग ओढलेली असल्यामुळे शब्द कुठे संपतो हे पाहण्यातच बराच वेळ गेला. ‘मौजे’ लागले. पुढचे गावाचे नाव लागले, ते आमचेच होते. त्यापुढचा शब्द चार अक्षरी आहे, पहिले अक्षर ‘क’ असावे, तिसऱ्याबद्दल दोघांचे एकमत नाही. मी रविवारच्या वर्गातल्या मुलींना फोटो पाठवते म्हटले, तर बाबांनी कागद उलटा करून ठेवला आणि बुधवारपर्यंत कोणालाही विचारायचे नाही असे सांगितले. तरीही इथे कोणी मोडीचे जाणकार असतील तर कळवावे. गुरुवारी मी फोटो टाकेन.